पूर्वाश्रमीचा राना टायग्रिना

१९९५ साली बारावीच्या जर्नलमध्ये मी बेडकाच्या पचनसंस्थेची आकृती काढली. टोकदार पेन्सिल, उजवीकडे एकाखाली एक अवयवांची नावं, आणि वर शीर्षकात दोन शब्द: राना टायग्रिना. दोन्ही शब्दांखाली पट्टीने वेगवेगळी रेघ ओढायची. रेघ सलग गेली की बाईंचा लाल पेन तिथे थांबायचा. समोर मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून ताणून ठेवलेला तो प्राणी असायचा. क्लोरोफॉर्मचा वास दुपारच्या डब्यापर्यंत हाताला राहायचा. माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या, विज्ञान शाखेत गेलेल्या कुणालाही विचारा. बाकी सगळं विसरलं असेल, पण हे नाव तोंडपाठ असेल.

परवा माझी भाची मोबाइलवर काहीतरी शोधत होती. म्हणाली, "मावशी, तू म्हणतेस तो राना टायग्रिना कुठे आहे? इथे भलतंच नाव येतंय." तिच्या पडद्यावर तोच ओळखीचा बेडूक होता. हिरवट अंग, त्यावर गडद ठिपके, पाठीवर लांबलांब वळ्या. खाली नाव मात्र होतं होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. आणि त्याच्या आढळाचा नकाशाही मी शिकले होते त्यापेक्षा वेगळा होता.

बेडूक तोच आहे. बदललं ते त्याच्या नातेवाइकांबद्दलचं आपलं ज्ञान, आणि त्यापाठोपाठ नकाशाही बदलला. नाव आणि नकाशा एकमेकांना बांधलेले असतात, एक हलला की दुसरा हलतो. ते कसं, हे या एका बेडकावरून छान समजतं, म्हणून हा लेख.

आडनाव आधी, नाव नंतर

आधी शब्दांची एक अडचण दूर करू. वर्तमानपत्रांत हल्ली "बेडकाची नवी प्रजाती सापडली" असं छापून येतं. आपल्या शालेय पुस्तकांच्या परिभाषेत ती असते "जाती". जाती हा सर्वांत खालचा गट, ज्यातले नर-मादी आपसांत पुनरुत्पादन करून पुढची पिढी वाढवतात. जवळच्या नात्यातल्या जाती एकत्र केल्या की "प्रजाती" होते, प्रजातींचं मिळून "कुल", कुलांचा "गण", गणांचा "वर्ग". आपल्या बेडकाचा वर्ग उभयचर, आणि गण अन्यूरा, म्हणजे शेपूट नसलेले. इथवर कुणाचंच भांडण नाही. घोळ आहे तो खालच्या तीन पायऱ्यांवर, म्हणजे कुल, प्रजाती आणि जाती यांच्यात.

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. शाळेच्या हजेरीपटावर जसं आडनाव आधी आणि नाव नंतर येतं, तसंच. ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनेयसने प्राण्यांसाठी १७५८ मध्ये पक्की केली. त्याने बेडकांना आडनाव दिलं राना, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच बेडूक. त्या काळी युरोपात माहीत असलेल्या बेडकांची संख्या इतकी थोडी होती की एका आडनावात सगळं गाव मावत होतं.

आपल्या बेडकाचं बारसं झालं १८०२ मध्ये, पॅरिसमध्ये. नाव ठेवणारा होता फ्रांस्वा मारी दोदाँ. लहानपणीच्या आजारात त्याचे पाय गेले होते. रानोमाळ हिंडून प्राणी गोळा करणं त्याला शक्यच नव्हतं. तो संग्रहातल्या नमुन्यांवर काम करायचा, आणि त्याची पत्नी अ‍ॅडलेड त्याच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. बंगालमधून आलेल्या बेडकाला त्याने नाव दिलं राना टायगेरिना, वाघासारखा. पुढच्याच वर्षी, वयाच्या २७व्या वर्षी तो वारला. ज्या बेडकाचा आवाज मृगाच्या पावसात आपल्या झोपा उडवतो, तो आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. तरी त्याने दिलेल्या नावाचा दुसरा शब्द दोनशेहून अधिक वर्षं टिकून आहे.

टिकून आहे, पण त्याची वळणं पाहा. दोदाँने "टायगेरिना" लिहिलं होतं, मधला "गे" धरून. नंतरच्या लेखकांनी तो गाळून "टायग्रिना" केलं, आणि तेच आमच्या जर्नलपर्यंत पोचलं. प्राण्यांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियम असा की पहिल्यांदा नाव ठेवणाऱ्याने जे स्पेलिंग छापलं ते राखायचं. म्हणून टायगेरिना बरोबर, आणि आम्ही पाठ केलेलं टायग्रिना ही नंतर शिरलेली चूक.

मग "टायगेरिना"चं "टायगेरिनस" कसं झालं? ते लिंगामुळे. मराठीत आपण काळी मांजर म्हणतो आणि काळा बोका म्हणतो. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. लॅटिनमध्येही तसंच आहे. राना हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून वाघासारखी ती टायगेरिना. होप्लोबॅट्रॅकस पुल्लिंगी, म्हणून वाघासारखा तो टायगेरिनस. आडनाव बदललं म्हणून नावाचा शेवटही बदलला, एवढंच. जातीचं नाव तेच आहे.

पुस्तकात या नावापुढे "(दोदाँ, १८०२)" असं कंसात लिहिलेलं दिसतं. हा कंस सजावटीचा नाही. दोदाँने ही जात वर्णिली खरी, पण वेगळ्या प्रजातीत घालून, असं तो सांगतो. लग्नपत्रिकेत किंवा सरकारी कागदावर "पूर्वाश्रमीची" असं लिहून माहेरचं नाव देतात ना, तसंच हे. कंस नसेल तर समजायचं की त्या प्राण्याचं आडनाव पहिल्या दिवसापासून बदललेलं नाही.

रानाचं घर भरलं

एकोणिसाव्या शतकात युरोपियन संग्रहालयांत भारत, ब्रह्मदेश, आफ्रिका, आग्नेय आशिया इथून बेडकांच्या बरण्या यायला लागल्या. गुळगुळीत किंवा जरा वळ्यांची कातडी, लांब पाय, मागच्या बोटांमध्ये पडदे, वरच्या जबड्यात बारीक दात, टोकाला दुभंगलेली जीभ, अशी लक्षणं दिसली की नमुना रानाच्या खात्यात जायचा. हळूहळू हे आडनाव घरातल्या माळ्यासारखं झालं. जे कुठे बसत नाही ते तिथे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम केलेल्या जॉर्ज बूलंजेने १९२० मध्ये दक्षिण आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या राना बेडकांवर मोठा ग्रंथच लिहिला, तो प्रसिद्ध झाला कोलकात्याच्या इंडियन म्युझियमकडून. त्यानेही गट पाडले, पण ते रानाच्या आत, उपप्रजाती म्हणून. घर एकच, खोल्या वेगळ्या.

अडचण अशी की बेडकाचं शरीर फार फसवं असतं. पाण्याच्या काठी राहायचं, लांब उडी मारायची, पोहायचं, एवढं काम असेल तर निसर्ग पुन्हा पुन्हा जवळजवळ त्याच आकाराकडे येतो. पाणकोंबडी आणि बदक दोघं पोहतात म्हणून ती सख्खी भावंडं ठरत नाहीत, तसंच इथे आहे. दिसणं सारखं असलं की नातं जवळचं, हा हिशेब बेडकांत अनेकदा चुकतो.

तो चुकला आहे हे लक्षात आलं त्यात मला सगळ्यात आवडणारा पुरावा पिल्लांच्या तोंडाचा आहे. बेडकाची शेपटीवाली पिल्लं, ज्यांना आपण टॅडपोल म्हणतो, ती बहुतेक शेवाळ खरवडून खातात. त्यांच्या ओठांवर शिंगासारख्या पदार्थाच्या बारीक दातांच्या ओळी असतात, किसणीसारख्या. आपल्या टायगेरिनसची पिल्लं मात्र शिकारी आहेत. ती दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात आणि वेळ आली तर आपल्याच भावंडांनाही सोडत नाहीत. त्यांच्या ओठांवरच्या दातांच्या ओळी दुहेरी असतात आणि चोच मजबूत असते. अशीच दुहेरी दातांची शिकारी पिल्लं आणखी मोजक्याच बेडकांना होतात. त्यातला एक आफ्रिकेत राहतो. प्रौढ बेडूक पाहून जे नातं कळत नव्हतं ते डबक्यातल्या पिल्लांनी सांगितलं.

फ्रेंच अभ्यासक आलाँ द्युब्वा यांनी अशी लक्षणं जुळवून १९८०च्या दशकात रानाचं घर मोकळं करायला घेतलं, आणि १९९२ मध्ये आपला बेडूक होप्लोबॅट्रॅकस या स्वतंत्र प्रजातीत आला. हे आडनाव त्यांनी नवं घडवलं नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स याने १८६३ मध्येच श्रीलंकेच्या एका जाड बेडकासाठी ते वापरलं होतं आणि ते तेव्हापासून बाजूला पडून होतं. ग्रीकमध्ये होप्लॉन म्हणजे शस्त्र आणि बॅट्रॅकॉस म्हणजे बेडूक. शस्त्रधारी बेडूक. बेडकांच्या खालच्या जबड्यात दात नसतात, पण या गटातल्या बेडकांच्या खालच्या जबड्याच्या टोकाला हाडाचे दोन सुळ्यांसारखे उंचवटे असतात, तेव्हा नाव शोभतं.

म्हणजे मी १९९५ साली पट्टीने रेघ ओढत होते तेव्हा शास्त्राच्या दप्तरी नाव बदलून तीन वर्षं झाली होती. यात बाईंचा दोष नाही. अशी माहिती प्रयोगशाळेतून पाठ्यपुस्तकात यायला पिढी जाते, आणि कित्येक पुस्तकांनी पुढेही बराच काळ जुनं नाव चालवलं.

मग आलं डीएनए. आईकडून पिल्लाकडे जाणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, डीएनएमधली अक्षरं दोन जातींत किती वेगळी आहेत हे मोजलं की त्यांच्या वाटा कधी फुटल्या याचा अंदाज येतो. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडते. जवळजवळ तशीच वही प्रत्येक पेशीत असते, फक्त वाचायला यंत्र लागतं. या वहीने तीन गोष्टी सांगितल्या. एक, टायगेरिनसचे सगळ्यात जवळचे चुलत म्हणजे यूफ्लिक्टिस ही प्रजाती, त्यातलेच ते छोटे बेडूक जे विहिरीत, तळ्यात चाहूल लागताच पाण्यावरून टपाटप उड्या मारत पळतात. दुसरी, युरोपातला खरा राना या दोघांपासून खूप लांबचा. म्हणून २००६ मधल्या उभयचरांच्या मोठ्या फेरमांडणीनंतर आपला बेडूक रानिडी या रानाच्या कुलातूनही बाहेर पडला आणि डायक्रोग्लॉसिडी या कुलात स्थिरावला. डायक्रोग्लॉसिडी म्हणजे दुभंगलेल्या जिभेचे.

रानिडी कुल आपल्याकडून नाहीसं झालं असं मात्र नाही. सह्याद्रीच्या जंगलात पाचोळ्यावर बसणारा, पाठ तांबूस आणि कुशी काळ्या असा क्लिनोटार्सस दिसतो, तो रानिडीतलाच. शेताच्या बांधावरचा आपला दांडगा बेडूक त्या भावकीत नाही, एवढंच.

तिसरी गोष्ट सगळ्यात सुंदर. होप्लोबॅट्रॅकस हे घराणं मूळचं आशियातलं. आफ्रिकेत पसरलेला ऑक्सिपिटॅलिस हा त्यांचा भाऊ, आणि त्याचे पूर्वज आशियातून तिकडे गेले, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने दाखवलं. आज नायजेरियातल्या डबक्यात ओरडणारा तो बेडूक आणि भंडाऱ्याच्या भातखाचरातला आपला बेडूक एकाच घराण्यातले. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने पृथ्वीचा गोल आणून दोन बोटं ठेवली, एक इथे, एक तिथे, आणि बराच वेळ मधलं अंतर पाहत बसली.

नकाशा आकसला, बेडूक मेला नाही

आता आढळाकडे येऊ. जुन्या पुस्तकांत राना टायग्रिनाचा प्रदेश पाकिस्तानपासून थेट चीन, तैवान आणि थायलंडपर्यंत दिलेला असायचा, दक्षिणेला श्रीलंकाही त्यातच. आज त्याचा नैसर्गिक आढळ भारत, पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार आणि अफगाणिस्तानचा पूर्व भाग इतका सांगतात. पूर्वेकडचा केवढा मोठा प्रदेश गळून पडला. तिथे बेडूक संपले का? एकही संपला नाही. फक्त नावं वेगळी झाली.

चीन आणि आग्नेय आशियातल्या बेडकाला पूर्वी राना टायग्रिना रुग्युलोसा म्हणत, म्हणजे आपल्याच बेडकाचा एक पोटप्रकार. पुढे तो स्वतंत्र जात ठरला, होप्लोबॅट्रॅकस रुग्युलोसस. थायलंडमध्ये त्याची खाण्यासाठी शेतीही होते. तो वेगळा झाला त्या दिवशी टायगेरिनसचा नकाशा पूर्वेकडून मागे सरकला.

श्रीलंकेचंही तसंच. तिथला बेडूक म्हणजे होप्लोबॅट्रॅकस क्रॅसस. मद्रास इलाख्यात लष्करी डॉक्टर असलेल्या थॉमस जर्डनने त्याचं वर्णन १८५३ मध्ये केलं होतं. क्रॅसस म्हणजे जाड. पण बूलंजेसारख्या अभ्यासकाने त्याला टायग्रिनाचाच एक प्रकार मानलं आणि कितीतरी वर्षं दोघांच्या नोंदी एकाच खात्यावर चढत राहिल्या. आता खाती वेगळी केल्यावर दिसतं की श्रीलंकेत क्रॅसस आहे, टायगेरिनस नाही. भारतात मात्र अनेक ठिकाणी दोघंही आहेत, कधी कधी एकाच शिवारात.

आणि अजूनही फोड चालू आहे. बांगलादेशच्या आग्नेय टोकाला, कॉक्स बाजारच्या किनारपट्टीवर मिळालेला असाच एक दांडगा बेडूक २०१२ मध्ये वेगळी जात म्हणून जाहीर झाला. नाव लिटोरॅलिस, किनाऱ्यावरचा. तोवर लोक त्याला टायगेरिनस समजूनच पाहत होते.

दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या जातींना जीवशास्त्रात गूढ जाती म्हणतात. आपल्याला त्या सारख्या दिसतात याचं कारण आपण डोळ्यांनी ओळखतो. बेडूक एकमेकांना आवाजाने ओळखतात. काळोखात, पाऊस कोसळत असताना मादी नराचं रूप पाहत बसत नाही, ती आवाजाच्या दिशेने जाते. त्यामुळे दोन जाती रंगरूपाने जुळ्या राहूनही आवाजाने लाखो वर्षं वेगळ्या राहू शकतात. म्हणून हल्ली बेडकाचा अभ्यासक रात्री डबक्याकाठी ध्वनिमुद्रक घेऊन बसलेला दिसतो.

उलटही होतं. एकच जात दोन वाटते. पहिल्या जोरदार पावसानंतर मोबाइलवर दरवर्षी एक व्हिडिओ फिरतो: शेतातल्या पाण्यात हळदीसारखे पिवळेजर्द बेडूक, आणि त्यांच्या गळ्याशी दोन गर्द निळे फुगे. खाली हमखास लिहिलेलं असतं की हे विषारी आहेत, परदेशातून आलेत. हे आपलेच टायगेरिनस. विणीच्या थोड्या दिवसांपुरता नर पिवळा होतो आणि ओरडताना त्याच्या निळ्या स्वरपिशव्या फुगतात. मादी नराहून मोठी, पण हिरवट-तपकिरीच राहते. काम उरकलं की नरही पुन्हा मळकट हिरवा होतो. रंगावरून जात ठरवायची नाही, हा धडा यापेक्षा चांगला कोण देईल? कृपा करून त्या पिवळ्या बेडकांवर काठी उचलू नका.

नकाशा वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पुस्तकात जवळजवळ अख्खा भारत रंगवलेला दिसतो म्हणून तो प्रत्येक चौरस किलोमीटरवर आहे असं नाही. ज्या ज्या ठिकाणी तो सापडला त्या टोकाच्या जागा जोडून आखलेली ती एक सीमा असते. तिच्या आत घनदाट जंगल आहे, समुद्राचं खारं पाणी आहे, सिमेंटचं शहर आहे. या बेडकाला हवं असतं ते उघड्यावरचं, पावसाने साचलेलं उथळ गोडं पाणी: भाताचं खाचर, डबकं, रस्त्याकडेचा चर. पाऊस संपला की तो ओलसर मातीत, बिळात, बांधाच्या खाली शिरतो आणि कित्येक महिने दिसतच नाही. जानेवारीत एखाद्या गावात फिरून "इथे नाही" असं लिहिणाऱ्याने जून उजाडेपर्यंत थांबायला हवं.

जिथे तो असायला नको होता

नावं वेगळी झाल्याने पूर्वेकडे आकसलेला नकाशा दुसऱ्या बाजूला खरोखर वाढला आहे, आणि ती वाढ माणसाने केली. मादागास्करचा वायव्य भाग, मालदीव आणि आपलं अंदमान. तिन्ही बेटं. तिथे हा बेडूक मूळचा नाही. चांगल्या नकाशावर अशा जागा वेगळ्या रंगाने दाखवतात. तसं न करणारा नकाशा चुकीची गोष्ट सांगतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंदमानात तो गेला २०००नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, बहुधा मत्स्यशेतीसाठी मुख्य भूमीवरून नेलेल्या मत्स्यबीजाबरोबर. पिशवीभर पाण्यात हजारो माशांची पिल्लं, त्यात चार-दोन टॅडपोल कुणाला दिसणार? दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठात काम करताना नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मीझी यांनी त्याचा प्रवास शोधला तो गावोगावच्या लोकांना विचारून: तुमच्याकडे हा मोठा बेडूक पहिल्यांदा कोणत्या साली दिसला? शेतकरी, बागायतदार, मासे पाळणारे यांच्या आठवणी जोडत गेल्यावर पसरण्याचा नकाशा उभा राहिला. वस्ती असलेल्या आठ बेटांपैकी किमान सहा बेटांवर तो पोचला होता.

आणि तिथे तो काय करतो? टायगेरिनस सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तोंडात मावेल ते गिळतो. किडे आणि गांडुळं तर आहेतच, पण पाली, सरडे, लहान उंदीर आणि दुसरे बेडूकही. अंदमानातल्या लोकांनी कोंबडीची पिल्लं गेल्याचंही सांगितलं. पण खरी हानी पाण्यात होते. प्रयोगासाठी टायगेरिनसच्या पिल्लांबरोबर अंदमानातल्या दोन लहान बेडकांची पिल्लं ठेवली, तेव्हा त्या स्थानिक पिल्लांतलं एकही वाचलं नाही. एकही नाही. जी शिकारी पिल्लं वर्गीकरणात नातं शोधायला उपयोगी पडली, तीच इथे बेटावरच्या बेडकांच्या मुळावर आली.

मुख्य भूमीवर हाच स्वभाव इतका घातक ठरत नाही, कारण इथले बाकीचे बेडूक त्याच्याबरोबर लाखो वर्षं राहत आले आहेत आणि त्याला खाणारेही भरपूर आहेत: धामण, पाणदिवड, बगळे, घारी. शेतात तो शेतकऱ्याच्या फायद्याचाच. चांगला बेडूक आणि वाईट बेडूक असं काही नसतं. जागा कोणती, हे महत्त्वाचं. म्हणून "आढळ कुठे" हा प्रश्न मला "नाव काय" याच्याइतकाच मोलाचा वाटतो.

कायद्याला नाव लागतं

१९८०च्या दशकापर्यंत भारतातून बेडकांचे पाय परदेशी जात होते, वर्षाला हजारो टन. मुख्य गिऱ्हाईक युरोप आणि अमेरिका. एका बेडकाच्या फक्त मागच्या दोन तंगड्या कामाच्या, बाकी सगळा फेकायचा. म्हणजे एका किलोसाठी किती जीव, याचा हिशेब करवत नाही. यात टायगेरिनस आणि हिरवा, पाण्यातच राहणारा यूफ्लिक्टिस हेक्झाडॅक्टिलस यांचा भरणा होता. १९८५ मध्ये या दोघांना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचं नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातलं गेलं, आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली.

आता विचार करा, सोललेली गोठवलेली तंगडी कस्टमच्या टेबलावर आहे. कातडी नाही, डोकं नाही, रंग नाही. ती यादीतल्या टायगेरिनसची की यादीत नसलेल्या रुग्युलोससची, हे कसं सांगणार? डीएनएवरूनच. आणि डीएनए जुळवायला आधी कुणीतरी या जाती नीट वेगळ्या करून ठेवलेल्या असाव्या लागतात. नावांवरचा वाद फक्त विद्वानांच्या खोलीतला आहे असं वाटणाऱ्यांना मी हे टेबल दाखवते.

निर्यात थांबली, पण स्थानिक शिकार पूर्ण थांबली नाही. गोव्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला टॉर्च आणि पोतं घेऊन रात्री बेडूक पकडले जातात. कोकणीत ज्याला बेबो म्हणतात तोच ताटात "जंपिंग चिकन" या नावाने येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, वनखातं दरवर्षी आवाहन करतं, तिथले निसर्गप्रेमी तरुण रात्री गस्त घालतात. पकडले जातात ते टायगेरिनस आणि क्रॅसस दोघंही. वेळ सगळ्यात वाईट निवडलेली असते: वर्षभर जमिनीत दडलेले बेडूक विणीसाठी पहिल्या पावसात एकदम बाहेर येतात आणि ओरडून स्वतःच आपला पत्ता देतात. अंडी घालण्याच्या आधीच मादी पोत्यात गेली तर त्या डबक्याचं ते सबंध साल गेलं.

जागतिक पातळीवर या जातीची नोंद "किमान चिंता" या गटात आहे. नोंद बरोबरच आहे, कारण ती सबंध प्रदेशाची सरासरी पाहते. पण एखाद्या गावातल्या खाचरांवर भराव पडून प्लॉट झाले की त्या गावापुरता तो संपतो, आणि अख्ख्या उपखंडाच्या नकाशावर त्याचा एक ठिपकाही हलत नाही.

प्रयोगशाळेतला त्याचा छळ तरी थांबला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयांतलं प्राण्यांचं विच्छेदन बंद केलं. भाची संगणकावरच्या आकृतीवरून पचनसंस्था शिकते. मला याचा मनापासून आनंद आहे. त्या ट्रेमधले डोळे मी विसरलेले नाही.

आता तिला जिवंत बेडूक पाहायचा आहे, आणि टायगेरिनस की क्रॅसस हे स्वतः ओळखायचं आहे. त्यासाठी हात लावायची गरज नाही. टॉर्चचा उजेड बाजूने टाकून पाठ पाहायची. टायगेरिनसच्या पाठीवर कातडीच्या लांब उभ्या वळ्या असतात, शरीर त्यामानाने सडसडीत, पाय लांब. क्रॅसस बसका, आखूड पायांचा, गोळ्यासारखा. पक्की खूण तळपायाला असते. क्रॅससच्या मागच्या पायाच्या तळव्याला, आतल्या बोटाच्या बुडाशी, फावड्याच्या पात्यासारखा मोठा धारदार उंचवटा असतो. त्याने तो माती उकरत मागे मागे सरकून जमिनीत जातो. टायगेरिनसचा तोच उंचवटा लहान आणि बोथट.

फोटो काढला की तारीख, गाव आणि जमला तर आवाजाची नोंद घेऊन तो आयनॅचरलिस्टसारख्या ऑनलाइन नोंदवहीत टाकायचा, असं आमचं ठरलं आहे. बादलीभर पिल्लं उचलून घरच्या टाकीत किंवा दुसऱ्या तळ्यात सोडायची नाहीत, हेही. यंदा पहिला मोठा पाऊस पडला की रात्री आठनंतर, गमबूट घालून, आमच्या घरामागच्या खाचराच्या बांधावर.